उभ्या गाडीला धाप का लागते?

मंडळी, इलेक्ट्रिक गाडीची कुठलीही जाहिरात डोळ्यांसमोर आणा. डोंगरातला ओला रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं, आणि मधून एक गाडी सुळ्ळकन निघून जाते. इंजिनाची घरघर नाही, धुराचा पत्ता नाही, मागे पियानोचे दोन-चार सूर. ही गाडी जाहिरातीत उभी असलेली सहसा दिसत नाही. ऑगस्टच्या दुपारी, ४५ अंशांत, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या चार्जरला जोडलेली तर मुळीच नाही. आपण अमिरातीतली माणसं मात्र ती रोज तशीच पाहतो. आणि ऐकतोही! नाकपुड्या फुलवून, उन्हातून आलेल्या म्हशीसारखी फुरफुरत उभी!

आपल्या स्मरणिकेत नाटकांची, पुस्तकांची, कधी एखाद्या मैफलीची समीक्षा येत असते. यंदा एका आवाजाची समीक्षा करावी असं मनात आलं. चार्जिंग चालू असताना गाडीच्या नाकातून येणारा तो पंख्याचा आवाज. मी आयटी सल्लागार आहे, गाड्या बनवणं हा माझा धंदा नाही. पण तापणारी यंत्रं आणि त्यांना वारा घालणारे पंखे यांच्या सहवासात वीसेक वर्षं गेली आहेत. सर्व्हरच्या खोलीत शिरल्याबरोबर नुसत्या आवाजावरून "तिसऱ्या रॅकमध्ये काहीतरी तापलंय" असं सांगणारी माणसं आमच्या धंद्यात असतात. गेली तीन वर्षं घरी इलेक्ट्रिक गाडीही आहे. त्यामुळे ओळखीतल्या कुणी नवी गाडी घेतली की पहिल्या उन्हाळ्यात मला हमखास फोन येतो. "अहो, गाडी बंद आहे, नुसती चार्जिंगला लावलीय, आणि आतून विमान उडाल्यासारखा आवाज येतोय. बिघडली का हो?" सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं असतं. "इट्स नॉर्मल, सर."

नॉर्मल आहे हे खरंच. पण का नॉर्मल आहे हे कुणी सांगत नाही, आणि नॉर्मल असलं म्हणून ते चांगलं आहे असंही होत नाही.

आधी कारण पाहू. लिथियम-आयन बॅटरीला साधारण आपल्यासारखंच हवामान मानवतं, वीस ते पस्तीस अंशांच्या आसपासचं. तिच्यातून वीज वाहू लागली की ती तापते, आणि ही उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. आता महामार्गावरच्या फास्ट चार्जरला गाडी १५० किलोवॅटने चार्ज होते आहे असं समजा, आणि त्यातला फक्त पाच टक्के भाग उष्णतेत गेला असं धरा. झाले साडेसात किलोवॅट. आपल्या हॉलमधला दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता उपसून काढतो. म्हणजे गाडीच्या पोटातून सव्वादोन टनांच्या एसीएवढी उष्णता बाहेर काढायची, तीही बॉनेटखाली जेमतेम मावणाऱ्या सामानातून.

आता खरी गंमत. गरम वस्तू थंड हवेत ठेवली तरच ती निवते. ऑस्लोमध्ये बाहेर दहा अंश आहेत आणि बॅटरी चाळीसवर गेली, तर मधे तीस अंशांचा फरक आहे. बॅटरीभोवती फिरणारं पाणी रेडिएटरमधून नेलं, पंखा हळू फिरवला, की काम झालं. शेजारच्याला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे काय? २४ मे २०२५ रोजी अल ऐन भागातल्या स्वैहान इथे ५१.६ अंश तापमान नोंदलं गेलं. तेही सावलीतलं. ज्या डांबरावर गाडी उभी असते तिथलं वेगळंच. बाहेरची हवाच बॅटरीपेक्षा गरम असेल तर रेडिएटरमधून कितीही वारा सोडा, बॅटरी निवण्याऐवजी तापेल! चुलीच्या तोंडाशी बसून पदराने वारा घेण्यासारखं आहे ते.

म्हणून गाडीला आपला एसी कामाला लावावा लागतो. केबिन थंड करणारा तोच कॉम्प्रेसर आता बॅटरीचं पाणी थंड करतो आणि ती सगळी उष्णता पुढच्या कंडेन्सरवर आणून टाकतो. कॉम्प्रेसरला स्वतःला लागणारी वीज हीसुद्धा शेवटी उष्णताच होते, ती वेगळी. या साऱ्यावर वारा मारणारा एक किंवा दोन पंखे, तेच आपल्याला ऐकू येतात. आत मुलं एसी लावून बसलेली असतील तर विचारूच नका. एकाच कॉम्प्रेसरकडे दोन घरची धुणीभांडी!

तेव्हा समीक्षकाच्या खुर्चीत बसून मी पहिलं मत नोंदवतो ते पंख्याच्या बाजूने आहे. "गरजेल तो पडेल काय" ही म्हण या गाडीला लागू नाही. गरजते तीच गाडी आपली बॅटरी जपत असते.

हे पटत नसेल त्यांच्यासाठी एक जुनी कथा आहे. निसान कंपनीची लीफ २०१०च्या डिसेंबरात बाजारात आली. मोठ्या संख्येने विकली गेलेली ही पहिली आधुनिक इलेक्ट्रिक गाडी म्हणता येईल. गाडी गुणी, पण तिच्या बॅटरीला पाण्याने किंवा एसीने थंड करण्याची सोयच नव्हती. चालताना लागेल तो वारा, बाकी देवावर हवाला. चार्जिंग करताना अर्थातच शांत! २०१२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या आसपासच्या मालकांना दिसू लागलं की डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या बारा रेघांतल्या एकेक रेघा गळायला लागल्या आहेत. फिनिक्स म्हणजे हवामानाने आपल्या अल ऐनचा चुलतभाऊ. वर्ष-दोन वर्षांच्या गाड्या, आणि एका चार्जमध्ये जाणारं अंतर घटलेलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याच वर्षअखेरीस निसानने जाहीर केलं की पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांच्या आत बारापैकी नऊ रेघांच्या खाली बॅटरी गेली तर ती आम्ही दुरुस्त करू. पुढे २०१८मध्ये नव्या लीफच्या मालकांची वेगळी तक्रार आली. लांबच्या प्रवासात दुसऱ्यांदा फास्ट चार्जिंगला लावली की गाडी फारच हळू चार्ज होते. कारण तेच. तापलेली बॅटरी निववायला काही साधन नाही, मग प्रवाह कमी करण्यावाचून उपाय काय? अखेर २०२५मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या पिढीच्या लीफमध्ये द्रवाने बॅटरी थंड करण्याची व्यवस्था आली. सुमारे पंधरा वर्षं लागली हे उमगायला!

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी हा सगळ्यात महाग भाग असतो. आपल्यापैकी अनेकजण गाडी पाच-सहा वर्षं वापरून, भारतात परत जाताना किंवा नवी घेताना विकतात. त्यावेळी समोरचा माणूस गाडीचा रंग बघणार नाही, बॅटरी किती उरली आहे हे विचारील. त्यामुळे सेकंडहँड गाडी घेताना "ही चार्जिंगला अगदी शांत असते हो" असं मालकाने कौतुकाने सांगितलं तर मी दोन प्रश्न जास्त विचारीन. एक, थंड करण्याची व्यवस्था मुळात आहे का? दोन, असली तर चालते का?

इथवर पंख्याची बाजू झाली. आता तक्रारी.

युरोपात जुलै २०१९पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२१पासून सर्वच नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना हळू चालताना कृत्रिम आवाज काढणं सक्तीचं झालं. पादचाऱ्यांना, विशेषतः अंध व्यक्तींना, गाडी येते आहे हे कळावं म्हणून. ताशी वीस किलोमीटरपर्यंतच्या वेगाला हा नियम आहे. वीसच्या वेगाला किमान ५६ डेसिबल, आणि कमाल मर्यादा ७५ डेसिबल. योग्यच आहे ते. पण यातून आवाजांच्या रचनेचा एक नवाच धंदा उभा राहिला. बीएमडब्ल्यूने आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या आवाजासाठी हान्स झिमर यांना घेतलं, ज्यांचं संगीत आपण हॉलिवुडच्या सिनेमांत ऐकतो. महिंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये बीई आणि एक्सईव्ही या आपल्या चाकणला बनणाऱ्या गाड्या सादर केल्या, त्यांच्या आवाजांसाठी ए. आर. रहमान यांचं सहकार्य घेतलं. चाकणच्या कारखान्यात रहमान! पुणेकरांनी कॉलर ताठ करावी अशीच गोष्ट.

पण विचार करा. गाडी गल्लीतून हळू जाते तेव्हाचा आवाज शेजाऱ्याच्या कानावर पडतो दहा-पंधरा सेकंद. चार्जिंगला उभी असते तेव्हाचा पंखा पडतो वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त. पहिल्या आवाजाला जगप्रसिद्ध संगीतकार, नियम आणि डेसिबलचं कोष्टक. दुसऱ्याला कुणीच नाही. माझ्या मते सगळा दोष इथे आहे. हा आवाज कुणी रचलेलाच नाही. बाकी सगळं रचून झाल्यावर तो उरला आहे.

न रचलेला आवाज कसा असतो ते जरा बारकाईने ऐकू या. पंखा फिरताना त्याचं प्रत्येक पातं हवेला एक थाप मारतं. सात पात्यांचा पंखा मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला पन्नास फेरे गुणिले सात, म्हणजे साडेतीनशे थापा. साडेतीनशेची कंपनसंख्या म्हणजे पेटीवरची जवळजवळ पांढरी चार. सबंध वीस मिनिटं कुणीतरी पेटीवर पांढरी चार दाबून, भाता हलवत बसलंय अशी कल्पना करा! नुसता हवेचा 'स्स्स' असा आवाज कान विसरतात, पण त्यातून डोकं वर काढणारा असा एकच सूर विसरला जात नाही. मोजमापाच्या आकड्यात दोन्ही आवाज सारखे भरतील, कानाला नाही.

पंखे दोन असतील तर आणखी एक प्रकार घडतो. दोघांचे वेग अगदी सारखे नसतात. एक २९९०, दुसरा ३०१० फेऱ्यांवर असला की दोन सुरांत सेकंदाला दोन-अडीच कंपनांचा फरक पडतो, आणि 'वॉंव-वॉंव-वॉंव' असा हेलकावा ऐकू येतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना, त्या अगदी जुळण्याच्या आधी जो ऐकू येतो तोच. गवई तो ऐकून खुंटी पिळतो. इथे खुंटी पिळायला कुणी नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. पाती समान अंतरावर न बसवता थोडी कमी-जास्त अंतरावर बसवली तर तो एकटा सूर फुटून पसरतो आणि सौम्य होतो. हे तंत्र पंखे बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे, काही गाड्यांत वापरलंही जातं. दोन पंख्यांचे वेग एकमेकांपासून मुद्दाम लांब ठेवले तर हेलकावा जाणवेनासा होतो. हा तर केवळ सॉफ्टवेअरचा मामला आहे.

सॉफ्टवेअरवरून आठवलं. या पंख्यांची मला सर्वात खटकणारी खोड म्हणजे त्यांचं अवसानघातकी वागणं. बराच वेळ शांत, मग एकदम पूर्ण वेगाने घों, दोन मिनिटांनी गप्प, पुन्हा घों. सर्व्हरचे पंखे चालवण्याचा कार्यक्रम लिहिणाऱ्या नवशिक्या पोराला आम्ही पहिली गोष्ट शिकवतो ती ही की चालू होण्याचं तापमान आणि बंद होण्याचं तापमान यांत भरपूर अंतर ठेव, आणि वेग पायऱ्यांनी चढवू नकोस, उतारावरून चढव. घरातल्या फ्रिजचा थर्मोस्टॅटसुद्धा हे अंतर पाळतो. माणसाचा कान स्थिर आवाजाला पाच मिनिटांत सरावतो, बदलाला सरावत नाही. लाखो दिरहमांच्या गाडीला हे जमू नये? चार्जर जोडल्या क्षणी गाडीला कळतं की पुढची पंचवीस मिनिटं किती उष्णता येणार आहे. मग सुरुवातीलाच मध्यम वेगाने पंखा लावून ठेवला तर शेवटी आकांत करावा लागणार नाही. डाळ उतू जाईपर्यंत थांबून मग गॅसकडे धावत सुटण्यात काय शहाणपण आहे?

दुसरी तक्रार गाडीच्या तोंडाबद्दल. आपल्या जुन्या पेट्रोल गाड्यांना पुढे चांगली रुंद जाळी असे. इलेक्ट्रिक गाडीला हवेचा अवरोध कमी व्हावा, म्हणजे एका चार्जमध्ये ती लांब जावी, म्हणून ही जाळी जवळजवळ बुजवून टाकली आहे. गुळगुळीत चेहरा, खाली ओठाशी एक फट. त्या फटीत झडपा, त्या गरजेप्रमाणे उघडतात. पंख्याला हवा ओढायची ती तिथूनच. शिवाय बॉनेटखाली सामान ठेवायची डिकी दिली की विक्रेत्याला सांगायला एक मुद्दा मिळतो. पंख्याची जागा मात्र आक्रसते. मग लहान पंखा जोरात फिरवायचा.

आणि इथे निसर्गाचा नियम फार कडक आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्याला वीज लागते आठपट, आणि आवाज वाढतो साधारण पंधरा डेसिबलने. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, यावरून अंदाज करा. त्याऐवजी तसाच दुसरा पंखा शेजारी लावला असता तर हवा तेवढीच दुप्पट मिळाली असती आणि आवाज वाढला असता फक्त तीन डेसिबलने. हे गणित नाक बंद करून धावणाऱ्या माणसाला धाप का लागते याचंच आहे. सुंदर चेहऱ्यासाठी आपण कानाने किंमत मोजतो आहोत, आणि ही किंमत शोरूममध्ये कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते.

तिसरी तक्रार आमच्या धंद्यातून आलेल्या माणसाला विशेष लागते. गाडीत पंधरा इंची पडदा आहे. त्यावर मुलांचे खेळ आहेत, गाणी आहेत, आभाळात ढग किती हे आहे. पण "बॅटरी ४४ अंशांवर आहे, थंड करणं चालू आहे, पंखा आणखी बारा मिनिटं चालेल" अशी एक साधी ओळ माझ्या गाडीत कुठेच नाही. दोन हजार सालच्या आसपास, जर्मनीत आखेनला एम. एस. करताना मी विद्यापीठाच्या ज्या सर्व्हरवर काम करायचो तो प्रत्येक पंख्याचा वेग आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दाखवायचा. गाडीला हे सगळं आतल्या आत माहीत असतं, त्याशिवाय ती पंखा चालवणार कशी? फक्त मालकाला सांगायचं नाही. आणि मग मालक घाबरून फोन करतो. ही एक ओळ लिहायला रहमानसाहेब लागत नाहीत, आमच्यातला कुठलाही पोरगा लिहील.

त्याच आखेनमध्ये मला आवाजाबद्दलचा पहिला धडा मिळाला होता. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, रविवारी दिवसभर. रविवारी भिंतीत खिळा ठोकलात तर खालच्या आजीबाई हातात घड्याळ घेऊन दारात. यंत्रांच्या आवाजासाठी तिथल्या साधारण निवासी भागात रात्री ४० डेसिबल, केवळ घरांच्या वस्तीत ३५, अशा मर्यादा आहेत. भारतात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी हद्द घातली. अमिरातीतही २००६च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयात, कमी रहदारीच्या निवासी भागाला दिवसा ४० ते ५० आणि रात्री ३० ते ४० असे आकडे होते. आकडे सगळीकडेच आहेत. प्रश्न असा की मध्यरात्री व्हिलाच्या दारात उभ्या गाडीचा पंखा कोण मोजायला जाणार?

न्यायाने हेही सांगायला हवं की घरच्या चार्जरवर प्रकरण इतकं विकोपाला जात नाही. तिथे साधारण ७.४ किलोवॅट, म्हणजे फास्ट चार्जरच्या विसावा हिस्सा. वाया जाणारी उष्णता अर्धा-पाऊण किलोवॅट, एका इस्त्रीएवढीही नाही. मग तिथेही रात्री पंखा का ओरडतो? बहुतेक वेळा कारण असं की आपण अबूधाबीहून शेख झायेद रोडने दीड तास गाडी हाकत येतो आणि तापलेल्या गाडीला तशीच चार्जिंगला लावतो. बॅटरीची आधीची उष्णता, वर चार्जिंगची भर. चार्जिंगची वेळ पुढे ढकलून पहाटे दोन-तीनची लावली तर गाडीला निवायला अवधी मिळतो आणि हवाही चार अंशांनी उतरलेली असते. प्रवाह ३२ अँपियरवरून १६ वर आणला तर तारा आणि बॅटरीतली उष्णता चौथ्या हिश्शावर येते, वेळ मात्र दुप्पट लागतो. रात्र मोठी असते, सहसा पुरते. काही गाड्यांत उभ्या केबिनला तापू न देण्याची सोयही असते आणि तिच्यापायी कॉम्प्रेसर-पंखा चालू राहतो. रात्री तिची गरज नाही, बंद करता येते.

फास्ट चार्जरवर आणखी एक पात्र असतं, त्याला आपण विसरतो. चार्जरचा स्वतःचा खोका! त्याच्या पोटात विजेचं रूप बदलणारे विभाग असतात, आणि बहुतेक खोक्यांत त्यांना हवेनेच थंड केलं जातं. छोटे, वेगवान, कर्कश पंखे, आमच्या सर्व्हरच्या पंख्यांचे सख्खे भाऊ. पुष्कळदा गाडीवर घेतला जाणारा आळ खरं तर या खोक्याचा असतो. वाळूच्या वादळानंतर त्याच्या जाळ्या धुळीने भरतात, पंखे जास्त ओरडतात, आणि शेवटी खोका आपली शक्तीच कमी करतो. "आज चार्जिंग हळू का होतंय?" याचं उत्तर कधीकधी एका न झाडलेल्या जाळीत असतं. आपल्याकडे उन्हाळ्याआधी एसीच्या जाळ्या धुतात, तितकी साधी गोष्ट.

आणि जागा! डेटा सेंटरमध्ये एक बाळबोध नियम आहे. थंड हवा आत घ्यायची वाट आणि गरम हवा बाहेर सोडायची वाट कधी मिसळू द्यायची नाही. बिल्डिंगच्या तळघरातली चार्जिंगची जागा बघा. बुटकं छत, वारा नाही, तीन गाड्या ओळीने, नाकं भिंतीला टेकलेली. एकीने बाहेर सोडलेली गरम हवा दुसरी आत ओढते. भिंती आवाज परतवतात, म्हणून चाळीसच्या जागी पन्नास वाटतात. हीच जागा मोकळ्या बाजूला, गाडीचं नाक बाहेर राहील अशी आखली असती तर पंख्याला निम्मे कष्ट पडले असते. दुबईत विद्युत आणि जल प्राधिकरणाने ग्रीन चार्जरची योजना २०१४मध्ये सुरू केली, तेव्हा हे सगळं नवं होतं. आता नवं राहिलेलं नाही. नव्या इमारतींच्या आराखड्यांत चार्जरची संख्या लिहिलेली असते, हवा कुठून येणार आणि कुठे जाणार हे पाहिलेलं दिसत नाही.

उघड्यावरच्या जागांचंही एक चित्र मनातून जात नाही. आपण गाडी जोडतो आणि मॉलच्या गारव्यात कॉफीला जातो. तिथे उरतो तो पंपावरचा मुलगा किंवा पार्किंगचा सिक्युरिटीवाला. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन थेट उन्हातल्या कामाला इथे बंदी असते, पण तो पत्र्याच्या सावलीत असतो, तेव्हा त्याचं काम चालूच. आपल्या गाडीने ओकलेली सव्वादोन टनांची उष्णता आणि ती पांढरी चार, दोन्ही त्याच्या वाट्याला. एका दुपारी अशाच एकाला मी विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? "आवाज का क्या साब," तो म्हणाला, "हवा बहुत गरम फेंकती है."

कुणी म्हणेल, पेट्रोल गाड्यांचं काय? बरोबर आहे. कॅफेटेरियासमोर करक चहासाठी हॉर्न वाजवून, इंजिन आणि एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. त्यांची उष्णता कमी नाही, शिवाय धूर. त्या आवाजाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो ऐकूच येत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा पंखा टोचतो याचं अर्धं कारण बाकी सगळं शांत झालं हे आहे. हे मान्य करूनही मी गुण वाढवून देणार नाही. ज्याने शांतता विकायला काढली, त्याच्या शांततेची परीक्षा जास्त कडक घ्यावी लागते.

हा प्रश्न गावाकडेही पोचला आहे. टाटांची नेक्सॉन जानेवारी २०२०मध्ये इलेक्ट्रिक रूपात आली तीच मुळी द्रवाने थंड होणारी बॅटरी घेऊन. १ जून २०२२पासून पुणे-नगर मार्गावर एसटीची 'शिवाई' धावू लागली. पुण्यातल्या सोसायट्यांत पार्किंग तळमजल्याला खांबांमध्ये आणि त्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्याची बेडरूम. विदर्भातला मे महिना आपल्या जूनला हार जात नाही. तिथल्या नातेवाइकांना चार्जर कुठे बसवावा हे सांगायला आपण दोन उन्हाळे पुढे आहोत, तेवढा उपयोग करू या. बेडरूमच्या खिडकीखाली नको, कोपऱ्यात कोंडून नको, नाक मोकळ्या हवेकडे.

राहता राहिली गाडी निवडण्याची गोष्ट. शोरूममधली गाडी बावीस अंशांत उभी असते, ती काय ओरडणार! आणि चाचणीची फेरी देतात ती बहुधा संध्याकाळी, जवळजवळ पूर्ण चार्ज केलेल्या गाडीतून. माझी सूचना अशी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, दुपारी तीन वाजता जा. गाडी अर्धा तास महामार्गावर चालवा, बॅटरी वीस टक्क्यांपर्यंत उतरलेली असेल असं पाहा, मग फास्ट चार्जरला लावायला सांगा आणि खाली उतरून बॉनेटसमोर दहा मिनिटं उभे राहा. आवाज एकदम चढतो की सावकाश, एक सूर टोचतो का, हेलकावा आहे का, पडद्यावर बॅटरीचं तापमान दिसतं का, हे पाहून घ्या. विक्रेता घामाघूम होऊन तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल, बघू द्या. घरात कुणी पेटी वाजवणारं असेल तर त्यालाही बरोबर न्या.